नावाड्याची बाजू

म्हातारपणी रुक्माची एक खोड अख्ख्या गावाला पाठ झाली होती. कुणी गोष्ट सांगायला लागलं की ती उठायची. पुढ्यातल्या आठळ्या अर्ध्या सोललेल्या असोत की मांडीवर नातू झोपलेला असो, ती पदर झटकून चालू लागायची. नातवंडं म्हणत, आज्जीला गोष्टी आवडत नाहीत. तिच्या वयाच्या बायका हे ऐकून एकमेकींकडे बघत आणि गप्प बसत. कारण एके काळी गोष्टीवर जीव टाकणारी बाई पंचक्रोशीत शोधायला गेलं असतं तर पहिली हीच सापडली असती. नवऱ्याची भाकरी करपेल, वासरू दावं तोडून रानात जाईल, पण गोष्टीतला शब्द हिच्या कानावेगळा जायचा नाही.

विलायतेतला राजा बदलला त्याच्या मागंपुढंची ही वर्षं. राजा बदलल्याचं गावाला कळलं ते सुप्याच्या बाजाराहून आलेल्या कुणाकडून तरी, आणि त्यावर कुणी फार बोललं नाही. जंगलखात्यानं डोंगरउतारावरची कुमरीची, म्हणजे रान जाळून करायची, शेती बंद केली हे मात्र पोरासोरांनाही ठाऊक होतं, कारण ते पोटाला लागलं होतं. खालचं भाताचं खाचर तेवढं उरलं. दिग्गीकडे जाणाऱ्या डोंगरवाटेच्या तोंडाशी, काळी नदीच्या अलीकडे हे गाव. तरणी पोरं एकेक करून लोंढ्याकडे जायला लागली होती. आगगाडीच्या रुळांखाली घालायची लाकडं तोडायला तिकडे माणसं लागत. रुक्माचा एकुलता एक लखूही त्यांच्यातच गेला.

मांडाशेजारी, म्हणजे देवाच्या कामाला गाव जमतं त्या मोकळ्या जागेशेजारी, एक मोठा कातळ होता. त्यात कोण जाणे कुणी, कधी उखळं कोरून ठेवली होती. भात मळून घरात आलं की दुपारची जेवणं उरकून बायका आपापलं मुसळ घेऊन तिथं यायच्या आणि गुरं घरी वळेपर्यंत कांडप चालायचं. त्यांच्या मधोमध बसायची केशरआज्जी. तिचे हात वाताने वाकडे झालेले, मुसळ काही झेपायचं नाही. ती सुपात कणी निवडत बसायची आणि गोष्ट सांगायची. त्याबद्दल प्रत्येकीनं तिला मूठभर कणी द्यायची, हा जुना रिवाज. तिचा नियम एकच होता: मुसळं चालू तोवर गोष्ट चालू. एकीचंही मुसळ थांबलं की केशरआज्जी तोंड मिटायची आणि देव जरी आला तरी उघडायची नाही. त्यामुळे या गावात भात कांडायचं कधी मागे पडलं नाही.

त्या साली तिनं नवलीची गोष्ट लावली होती. सुगी संपता संपता सुरू झालेली ती गोष्ट संपायचं नाव घेत नव्हती. नवली घाटाखालच्या गावची पोरगी. तिचं लग्न ठरलं होतं एका बैलवाल्याशी. सुपारी झाली, आणि तो बैल विकायला घाटावर गेला तो गेलाच. ना निरोप, ना सांगावा. इकडे नवली रोज नदीपलीकडच्या मळ्यात कामाला जायची आणि एक नावाडी तिला पलीकडे सोडायचा. तो बोलायचा नाही. फक्त उतरताना तिचे पाय भिजू नयेत म्हणून नाव वाळूवर थोडी जास्त ओढायचा. केशरआज्जीनं एवढंच सांगितलं, सूप झटकलं आणि म्हणाली, गुरं आली, चला. त्या संध्याकाळी गावातल्या निम्म्या चुलींवर आमटीत मीठ दोनदा पडलं.

मग गावात दोन तट पडले. बायजा म्हणून एक कडक बाई होती, तिच्या मागे बैलवाल्याच्या बाजूच्या उभ्या राहिल्या. दिला शब्द म्हणजे दिला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्या एकीनं तर बैलवाला सुखरूप परत यावा म्हणून देवाला नारळ बोलला. पुजाऱ्यानं विचारलं, कुणाच्या नावानं? ती म्हणाली, नवलीच्या. तो म्हणाला, कुणाच्या घरची ही? तेव्हा बाई नारळ तिथंच टाकून पळाली. दुसऱ्या तटाचं तर विचारू नका. काळी नदीवर झिलू म्हणून खराखुरा नावाडी होता, दात पडलेला, सदा खेकसणारा. त्याला या बायका एकाएकी ताक नेऊन द्यायला लागल्या, काकड्या द्यायला लागल्या. झिलू हबकला. आपलं काही बरंवाईट होणार आहे आणि ते फक्त बायकांना कळलंय, असं त्याला वाटू लागलं.

नावाड्याच्या तटाची पाटलीण म्हणजे रुक्मा. हाडापेरानं दणकट, हाताला उरक, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असा स्वभाव. तिच्या मुसळाच्या टोकाची लोखंडी कडी झिजून कधीच गळून पडली होती. कडी नसलेलं लाकूड खालून फाटायला लागलं होतं, तरी तिच्या उखळातलं भात सगळ्यांच्या आधी व्हायचं. नावाड्यावरून बायजाशी ती इतकी भांडली की दोघी एकमेकींच्या चुलीचा विस्तव घेईनाशा झाल्या. तिचा नवरा म्हादू अंगणात बांबूच्या रोवळ्या विणत बसायचा. तो एकदा म्हणाला की त्या नावाड्याला जेवायला बोलव, म्हणजे त्याच्या निमित्तानं मलाही वेळेवर मिळेल.

हसायची गोष्ट होती, पण म्हादूला ठाऊक होतं ही बाई गोष्टीत एवढी का घुसते. लखू दसऱ्यापर्यंत येतो म्हणून गेला होता. दसरा गेला. भात कापलं, मळलं, कणगीत पडलं. लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीवानांना विचारून झालं, कुणी काही सांगेना. आधी रुक्मा रोज संध्याकाळी वाटेवर जाऊन उभी राहायची. मग एके दिवशी ती जायची थांबली. भीती एवढी मोठी झाली की तिच्याकडे बघवेना, म्हणून रुक्मानं तोंड फिरवलं आणि ते नवलीकडे केलं. नवलीच्या नावेत बसलं की लखू आठवायचा नाही. आई असून असं करावं का, तर करू नये. पण तिनं केलं.

या गावाची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इथं अवघड बोलणं कुणी तोंडावर बोलत नसे. एका रानात राहायचं, एका झऱ्याचं पाणी प्यायचं. तोंडावर बोललं तर जन्माचं तुटतं. म्हणून लेकी बोले सुने लागे. ते बोलायची जागा म्हणजे हा कातळ. गोष्टीतल्या सासूला कुणी नावं ठेवली की ऐकणाऱ्या सासूनं आपलं काय ते समजून घ्यायचं. दोन घरांचा बांधावरचा तंटा एकदा गोष्टीतल्या दोन कावळ्यांवरून मिटला होता. खुद्द रुक्मानं लखूसाठी पारूला मागितली ती अशीच. पारू ही फुलाची लेक, आणि फुला रुक्माची जिवाची मैत्रीण. तेव्हाच्या गोष्टीत एक धनगराचा पोर होता. कांडता कांडता रुक्मा म्हणाली होती, ह्या पोराला आपल्या फुलाच्या लेकीसारखी मिळाली तर त्याची आय काय म्हणंल? आणि फुलानं मुसळ न थांबवता उत्तर दिलं होतं, आय दुसरं काय म्हणंल, देवापुढं दिवा लावंल. झालं. दुसऱ्या दिवशी सुपारी गेली. सोयरिकीतलं बोलणं एवढंच.

तर मार्गशीर्षातल्या एका दुपारी केशरआज्जीनं नावाड्याला बोलतं केलं. त्यानं वल्हं थांबवून नवलीला विचारलं, मी अजून किती दिवस तुला नुसतं पलीकडंच सोडू? एवढं सांगून केशरआज्जीनं सवयीप्रमाणे बायकांना विचारलं की आता नवलीनं काय करावं. एरवी यावर एकच गलका व्हायचा. त्या दिवशी रुक्मानं कुणाला तोंड उघडू दिलं नाही.

"पोरीला कशापायी इचारतासा?" ती म्हणाली. "त्या बैलवाल्याच्या आयशीला इचारा. पोरगा गेला तो गेला, आन ही बया दुसऱ्याची लेक दाव्याला बांधून बसलीया. तिनंच उठून सांगाया पायजे, जा बाय, तुझी वाट तुला मोकळी हाय."

पारूचं मुसळ थांबलं. केशरआज्जीनं तोंड मिटलं. मग एकेक करत सगळीच मुसळं थांबली. बायजा एरवी वाघिणीसारखी अंगावर आली असती, ती खाली मान घालून उखळातलं भात चाळवत राहिली. पारू मान वर करून रुक्माच्या तोंडाकडे बघत होती, बराच वेळ बघत होती. रुक्माला वाटलं, पोरीला पटलं. आपल्या बोलण्यानं अख्खा कातळ गप्प झाला याचा तिला अभिमानसुद्धा वाटला.

फुला हळूच म्हणाली, "असं म्हणाया मन लई मोठं लागतंय."

"लागतंयच की," रुक्मा म्हणाली आणि पुन्हा कांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी फुलाकडून टोपलीभर कांडलेले तांदूळ आले. रुक्माला वाटलं, ही शेवटी नावाड्याच्या बाजूला आली, त्याची ही भेट. तांदूळ मडक्यात ओतताना तळाशी एक सुपारी निघाली. ती कुणाच्या तरी चंचीतली पडली असेल म्हणून रुक्मानं म्हादूला दिली आणि म्हादूनं ती फोडून पानाबरोबर खाल्ली.

ठरलेली सोयरीक सोडायची रीत अशीच होती. मुलीकडच्यांनी सुपारी तांदळात घालून पाठवायची. मुलाकडच्यांना सोयरीक मोडायची नसेल तर त्यांनी ती दुसऱ्या दिवशी परत न्यायची. ठेवून घेतली तर दोन्ही घरं मोकळी, बोलणं नाही, भांडण नाही. ही रीत रुक्माला ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या धाकट्या बहिणीचं असंच सुटलं होतं. पण तिचं चित्त तेव्हा नदीच्या मध्यावर, नावाड्यानं वल्हं थांबवलं होतं तिथं होतं. लेकाच्या लग्नाची सुपारी नवरा समोर बसून चघळत होता आणि ही त्याला सांगत होती की नवलीनं आता हो म्हटलं पाहिजे.

माघात फुला घरी आली ती कुंकवाची वाटी घेऊनच. तिनं रुक्माच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सांगितलं की पारूचं दिग्गीच्या कान्हूशी ठरलं, उद्या हळद कांडायची आहे, आणि मुहूर्ताचं पहिलं मुसळ तुझं. रुक्माला आधी काही कळेचना. आमच्या लखूची पारू, असं काहीतरी ती बोलायला गेली. फुलानं तिचा हात हातात घेतला.

"रुक्मे, तूच तिला मोकळी केलीस," फुला म्हणाली. "कातळावर सगळ्यांच्या देखत. मी सुपारी धाडली, तू ठेवून घेतलीस. मी पोरीला म्हटलं, अशी सासू तुझ्या नशिबात न्हवती, पर तिचे उपकार जलमभर इसरू नगंस."

 त्याच क्षणी रुक्मानं म्हणायला हवं होतं: अगं, मी बैलवाल्याच्या आयशीबद्दल बोलत होते, माझ्याबद्दल नाही. एवढं एक वाक्य. पण ते म्हणायचं म्हणजे पुढचंही म्हणावं लागलं असतं, की माझा पोरगा वाऱ्यावर होता आणि मी एका न जन्मलेल्या नावाड्यासाठी भांडत होते. गाव हसलं असतं. बायजा तर मरेपर्यंत हसली असती. आणि फुलाच्या डोळ्यांत पाणी होतं, ती आपल्याला देवमाणूस समजत होती. ते पाणी पुसायचा धीर रुक्माला झाला नाही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. चांगल्या कामाला उद्या असतो, आणि उद्याला परवा.

उद्या आला. कातळावर पाट मांडला होता, पाटावर पारू बसली होती. मुसळाला आंब्याची पानं बांधून ते रुक्माच्या हातात दिलं गेलं. उखळात हळकुंडं होती. बायकांनी वाट दिली, देवीची पालखी आल्यावर देतात तशी. जी ती म्हणत होती, बाई असावी तर अशी. पारू मान खाली घालून बसेल असं वाटलं होतं, पण ती रुक्माकडेच बघत होती. रुक्मानं मुसळ वर उचललं. ते वर असताना शब्द तिच्या ओठावर आले होते, हे ती पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत राहिली. मग कुणीतरी ओवी सुरू केली, आणि मुसळ खाली आलं. हळकुंड फुटलं. रुक्मा कांडत राहिली, हळदीचं पीठ होईपर्यंत, हात पिवळे होईपर्यंत. ती पिवळी बोटं घेऊन तिनं त्या रात्री भाकरी थापली आणि तिला एक घास गेला नाही.

लग्न झालं, पारू डोंगरवाटेनं दिग्गीला गेली. नवलीची गोष्ट तिथंच राहिली. केशरआज्जीनं दुसरीच लावली, आणि ती का लावली असं तिला कुणी विचारलं नाही.

शिमग्याच्या अलीकडे, भर दुपारी, लखू आला. अंगावर नुसती हाडं राहिली होती. लोंढ्याला त्याला हिवतापानं धरलं होतं, कितीतरी दिवस एका गाडीवानाच्या गोठ्यात पडून होता. कुऱ्हाड उचलेना म्हणून पुढे लोहाराकडे भाता ओढायला राहिला. निरोप धाडला होता, तो कुठल्या घाटात जिरला देव जाणे. रुक्मानं त्याला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला, रडली, पेज करून घातली. पारूचं नाव मात्र काढलं नाही. लखूनं पेज प्यायली, गाठोडं सोडलं आणि दोन लोखंडी कड्या आईपुढे ठेवल्या, मुसळाच्या टोकाला बसवायच्या.

"एक तुझी, एक तिची," तो म्हणाला. "एकाच सळीच्या करून घेतल्या. दोघी एका उखळात कांडशिला, तर आवाज एकसारखा याया पायजे."

सांगायचं काम म्हादूनं केलं. पारू दिग्गीला दिली, एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा बांबू चिरू लागला. लखू उठून झऱ्याकडे गेला. बोलायला लागला तो दुसऱ्या दिवसापासून. मांडावर, झऱ्यावर, भेटेल त्याला तो सांगत सुटला की ती शब्दाची नव्हती, चार महिने दम धरवला नाही तिला. रुक्मा हे ऐकायची. पोरीचा काही दोष नाही हे गावात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि गावात गप्प तेवढी तीच होती. दिवसभर ती काम उकरून काढायची. सारवलेलं अंगण पुन्हा सारवायची. मुसळ मात्र तिनं भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि कड्या फडताळात.

शेवटी बायजाला राहवलं नाही. तिनं लखूला वाटेत अडवून चांगलं फैलावर घेतलं. उगीच पोरीला बोल लावू नकोस, म्हणाली, तुझ्या आईनं सोडवलंय तिला, आम्ही सगळ्या कातळावर होतो, असं बोलायला वाघाचं काळीज लागतं, मी तिची वैरीण, पण मीही पाया पडले असते. लखू तसाच घरी आला. रुक्मा ओसरीवर तांदूळ पाखडत होती. त्यानं विचारलं, हे खरं का? ती म्हणाली, व्हय.

तो खाली बसला. तळव्यांवरचे घट्टे कुरतडत राहिला.

"बरं केलंस, आये," तो म्हणाला. "माझा काय भरवसा हुता. मी हितं असतो तर माझ्यानं झालं नसतं ते. तुझं मन मोठं."

महिनाभर गाव हेच म्हणत होतं आणि रुक्मानं ते कसंबसं पचवलं होतं. पण लेकाच्या तोंडून ते आलं आणि सूप तिच्या हातातून निसटलं. तांदूळ ओसरीभर झाले. आताही गप्प राहता आलं असतं. पोरगा शांत झाला होता, पारूवरचा राग गेला होता, आईचं नाव मोठं झालं होतं. गप्प राहिली असती तर मरेपर्यंत कुणाला कळलं नसतं. तिला मात्र त्या पांढऱ्या तांदळांतही हळदच दिसत होती.

"न्हाई रं लखू," ती म्हणाली. "मोठं मन बिन काय न्हाई. मी त्या गोष्टीतल्या नावाड्यासाठी बोलले. मला तो आवडायचा. त्या वक्ताला तू माझ्या मनातच नव्हतास."

अंगणात म्हादूचा कोयता थांबला. ही गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. त्याला सुपारी आठवली असावी, कारण त्यानं तोंडातलं पान बाहेर थुंकलं आणि तो उठून गोठ्याकडे गेला.

 लखू ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उठला, भिंतीला टेकवलेलं मुसळ घेतलं, फाटलेलं टोक कोयत्यानं तासलं आणि फडताळातली एक कडी त्यावर बसवली. कडी घट्ट बसेपर्यंत ठोकत राहिला. काम नीट केलं, घाई केली नाही. मग दुसरी कडी आणून तिच्या ओटीत टाकली.

"ही तू नेऊन दे," तो म्हणाला. "आन मला सांगितलंस ते तिलाबी सांग. मी तिला लई वाईट बोललोय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रुक्मा निघाली. दिग्गीची वाट चढाची, रानातली. कडी पदराच्या टोकाला बांधली होती, ती चालताना गुडघ्यावर आपटत होती. वाटभर ती शब्द जुळवत होती आणि मोडत होती. काय सांगू, की तुझं लग्न माझ्या एका वाक्यानं फिरलं आणि ते वाक्य तुझ्यासाठी नव्हतंच? लोक पाप करतात ते निदान काही मिळवायला. हिला यात काय मिळालं, तर बायजाला एक दुपार गप्प बसवायला मिळालं.

पारू अंगणात एकटीच कांडत होती. कान्हू रानात गेला होता. तिनं रुक्माला बघून मुसळ ठेवलं, गूळपाणी दिलं, आईची खुशाली विचारली. पोरगी चेहऱ्यानं भरली होती, घर सारवलेलं होतं, गोठ्यात गाय होती; हे सगळं रुक्मानं अधाशासारखं बघून घेतलं. मग ती म्हणाली, तू कांड, कांडता कांडता ऐक. मुसळ चालू झालं आणि रुक्मानं सगळं सांगितलं. नावाडी सांगितला, सुपारी सांगितली, हळदीच्या दिवशी ओठावर येऊन गिळलेलं वाक्य सांगितलं. लखू परत आल्याचं सांगितलं. तिथं मुसळ किंचित अडखळलं, पण थांबलं नाही. सांगून झाल्यावर रुक्मानं कडी सोडून पुढे ठेवली.

"मला ठाऊक हुतं, आत्या," पारू म्हणाली.

रुक्मानं विचारलं, कसं?

"त्या दिशी मी तुमच्या तोंडाकडं बघितलं की. तुमी नावाड्याला बघत हुतासा, मला न्हाई. आयला म्या सांगितलं, आत्या गोष्टीतलंच बोलल्या. तिला पटलं न्हाई. आन पोरीनं सवताच्या तोंडानं किती म्हणायचं?" तिनं उखळातलं भात हातानं आत सारलं. "मला वाटलं, हळद कांडताना तरी तुमी म्हणशिला, ही नुसती गोष्ट हुती म्हणून. तुमी मुसळ उचललं तवा मी लखूची वाट बघत न्हवते. तुमची बघत हुते. हळदीचं पीठ झालं तरी बघत हुते."

बोलण्यात राग नव्हता. कान्हू चांगला आहे, जीव लावतो, आता त्याला सोडून जायचं मनातही येत नाही, हेही तिनं सांगितलं. मग कडी उचलून हातात फिरवली, उन्हात धरून बघितली, आणि रुक्माच्या ओंजळीत परत ठेवली.

"माझ्या मुसळाला कडी हाय, आत्या," ती म्हणाली.

रुक्मानं कडी पुन्हा पदराच्या टोकाला बांधली. गाठ बसायला वेळ लागला. पारूनं मुसळ उचललं आणि राहिलेलं भात कांडायला घेतलं.